माझ्या वाटचे उपास

माझे उपास माझा नवरा करतो. हे मी कुणाला सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघतो, मग त्यांच्याकडे बघतो, आणि त्याला पुढचं काही विचारावं लागत नाही. लग्नातल्या फोटोत आम्ही दोघं सारख्याच अंगाचे आहोत. त्यानंतर त्यांच्यातलं हळूहळू माझ्याकडे येत गेलं.

मी बेकरीत केक करते. पाव, टोस्ट, बिस्किटं यांचं खातं वेगळं. माझ्याकडे क्रीम, कस्टर्ड, चॉकलेट आणि केकवरची नक्षी. म्हणजे ज्या ज्या गोष्टी खाऊ नयेत असं सगळे डॉक्टर सांगतात, त्या सगळ्या माझ्या ताब्यात. शिवाय चव घेणं हे माझं काम. क्रीम फेटून झालं की बोट बुडवायचं, चाखायचं, मान डोलवायची आणि मगच ते केकवर चढवायचं. आमचे मालक सगळ्यांना सांगतात, "बाईंच्या जिभेवर दुकान चाललंय." मी लाजल्यासारखं करते आणि दुसरं बोट बुडवते.

नवरा शिंपी आहे. बाजाराच्या गल्लीत एका खोलीचं दुकान, त्याच्या मागच्या दोन खोल्यांत आमचं घर. त्यांना सगळे मास्तर म्हणतात. मी 'अहो' म्हणते. मास्तरांच्या ओठांत कायम टाचण्या धरलेल्या असतात, त्यामुळे बोलणंही कमी आणि खाणंही कमी. माझे कपडे शिवताना ते आतून भरपूर माया, म्हणजे जादा कापड, सोडतात. दर वर्षी मला न सांगता शिलाई उसवतात, थोडं सैल करतात आणि पुन्हा कपाटात टांगून ठेवतात. कितीतरी वर्षं मी समजत होते की माझं वजन काही वाढत नाही. शेजारणीला तसं ठणकावून सांगितलंही होतं.

आता उपासाचं. लेक लहान असताना तापाने फणफणली होती. औषध लागू पडेना. मी देवासमोर हात जोडले आणि बोलून बसले की हिला बरं वाटू दे, मी जन्मभर दर आठवड्याला एक दिवस उपास करीन. महिन्यातून एकदा म्हटलं असतं तरी देवाने ऐकलं असतं बहुतेक, पण ती घासाघीस करायची वेळ नव्हती. लेक बरी झाली. चार दिवसांत अंगणभर उड्या मारायला लागली, आणि माझ्या गळ्यात जन्मभराचा उपास पडला.

पहिल्याच उपासाला दुपारपर्यंत मी लिंबाचं क्रीम, कॉफीचं क्रीम, वितळलेलं चॉकलेट आणि दोन तऱ्हेची कस्टर्डं चाखून बसले होते. चाखलं म्हणजे फक्त बोटभर. माझी बोटं बऱ्यापैकी जाड आहेत. संध्याकाळी घरी येऊन मी रडकुंडीला येऊन मास्तरांना सगळं सांगितलं. त्यांनी ओठांतल्या टाचण्या एकेक करून मशीनवरच्या छोट्या उशीत खोचल्या. एवढं केलं म्हणजे ते दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलणार, हे मी ओळखते.

"बोटभर खाल्लं तरी उपास मोडतो," ते म्हणाले. "आणि नाही खाल्लं तर केक बिघडतो."

"मग मी करू काय?"

"मला काही दोऱ्याची चव घ्यावी लागत नाही. तुझा उपास मी करतो."

"असं चालतं का?"

"का नाही चालणार? घरातलं एक माणूस उपाशी आहे ना? देव काय घरोघर तोंडं बघत फिरतो?"

मला हे इतकं पटलं की त्या आनंदात मी रात्रीचं जेवण दुप्पट जेवले.

तेव्हापासून दर आठवड्याला तो एक दिवस ते फळांवर आणि पेलाभर दुधावर काढत आले. फक्त त्या दिवशी संध्याकाळी मी घरी आले की ते मशीन थांबवायचे, पाय पायट्यावरच ठेवायचे, डोळे मिटायचे आणि विचारायचे, "हं, आज काय काय झालं?" मग मी सांगायची. कस्टर्ड कसं दाटसर आलं, वर साय धरली नाही, जिभेवर ठेवलं की कसं आपसूक खाली उतरलं. चॉकलेटमध्ये चिमूटभर मीठ टाकलं की ते कसं जिभेला आधी कडू लागतं आणि मग गोड. मी हात हलवून हलवून सांगायची आणि ते मधूनच आवंढा गिळायचे. माझं सांगून झालं की "छान" म्हणायचे आणि मशीन पुन्हा सुरू करायचे. मला वाटायचं, त्यांचा वेळ बरा जातो. त्यांना भूक लागली असेल हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. पोट भरलेल्या माणसाला अशा गोष्टी सुचत नाहीत.

एवढ्यावर थांबलं असतं तरी ठीक होतं. पुढे माझी रक्ताची तपासणी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साखर काठावर आहे, तोंडाला आवर घाला. घरी आल्यावर मास्तर म्हणाले, "तुला कामावर आवर घालता येणार नाही. मी आणखी एक वार धरतो." म्हणजे साखर माझी आणि उपास त्यांचा. नेमकी त्याच सुमारास मी आजारी पडले. घशाखाली पाणीसुद्धा उतरत नव्हतं, आणि त्यानंतरच्या तपासणीत साखर झकास खाली आली. मास्तरांनी तो कागद दुकानात आरशाला चिकटवून ठेवला. गिऱ्हाईक माप द्यायला उभं राहिलं की ते टाचण्यांमधून पुटपुटायचे, "उपासाचा गुण." मी काय बोलणार? मीसुद्धा त्या आनंदात केक कापला.

मग माझे गुडघे दुखायला लागले. त्यांनी तिसरा वार धरला.

याच दिवसांत लेक परत घरी राहायला आली. शिकायला बाहेरगावी होती, आता इथेच एका कचेरीत लागली होती. येताना दोन बॅगा आणि एक नियम घेऊन आली. मांस नाही, अंडं नाही, दूध नाही, लोणी नाही, मधही नाही.

"मध का नाही गं?" मी विचारलं.

"तो मधमाश्यांचा असतो, आई."

"मग मी कुठे म्हणाले आपला आहे म्हणून?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पुढे केलेला केकचा तुकडा स्वतःच्याच तोंडात टाकला.

मला वाटायचं, जो नाही म्हणतो तो उपाशी असतो. पोर हाडांचा सापळा होणार म्हणून मी सगळ्या गल्लीत गळा काढला. पण ही बया सकाळी भिजवलेले बदाम खायची, दुपारी डबाभर घेवडा, संध्याकाळी शेंगदाण्याचा कूट घातलेली बटाट्याची भाजी दोनदा वाढून घ्यायची. गाल टोमॅटोसारखे झाले होते. घरात सगळ्यात जास्त पाळणारी ती आणि सगळ्यात तब्येतीने जेवणारीही तीच. एकदा तिने लोणी आणि अंडं न घालता केक केला. मी एवढी केकवाली, नाक मुरडत एक तुकडा चाखला. मग तो बरा आहे की नाही हे नक्की ठरवण्यासाठी आणखी चार खाल्ले.

घोटाळा झाला तो मास्तरांचा. लेकीवर त्यांचा जीव. एका उपासाच्या दिवशी ते दुधाचा पेला तोंडाला लावत होते आणि ती सहज म्हणाली, "बाबा, हे त्या वासराच्या वाटचं असतं." बोलून ती कामाला निघूनही गेली. त्यांनी पेला खाली ठेवला तो कायमचा. उपासाच्या दिवशी धान्य माझ्या नवसापायी सुटलेलं होतंच, आता दूध लेकीपायी सुटलं. राहिली फळं. लेकीचा नियम असा होता की जनावराचं खायचं नाही, बाकी पोटभर जेवायचं. मास्तरांनी तिच्याकडून फक्त 'नाही' तेवढं घेतलं, 'पोटभर' हा भाग टाचण्यांमधून आत गेलाच नसावा. ते उरलेलं पेलाभर दूध कोण पीत होतं, हे सांगायला नको. वासराचं मला वाईट वाटायचं, पण दूध वाया गेलेलंही बघवत नाही.

स्वतःचे कपडेही तेच शिवायचे, त्यामुळे आपल्या कमरेची शिलाई ते आत आत घेत गेले. माझी बाहेर, त्यांची आत. एकाच मशीनवर, एकाच दोऱ्याने. मी बघत होते का? बघत होते. मला वाटायचं, मास्तर तरुण दिसायला लागलेत.

मग एक दिवस त्यांनी कोटाला दोन डाव्या बाह्या कापल्या.

शिंपीकाम न कळणाऱ्याला यात काय विशेष असं वाटेल. बाहीचा नमुना कापडावर एकदा सुलट ठेवून आखायचा आणि दुसऱ्यांदा उलटून आखायचा, एवढंच असतं. शिकाऊ माणूस पहिल्या महिन्यात ही चूक करतो आणि एक टपली खाऊन जन्मभर लक्षात ठेवतो. मास्तरांच्या हातून अख्ख्या आयुष्यात असं झालं नव्हतं. मी कामावरून आले तेव्हा ते टेबलापाशी उभे होते. समोर काळ्या लोकरी कापडाच्या दोन बाह्या, दोन्हींची वळणं एकाच बाजूला. ते एक उचलत होते, दुसरीवर ठेवत होते, पुन्हा उचलत होते.

"अगं, ही उजवी कुठे गेली बघ," ते म्हणाले. मग त्यांनी टेबलाची कड धरली आणि बाह्यांसकट खाली बसले. बसले कसले, कोसळले. ओठांत टाचण्या होत्या. मी आधी त्यांच्या तोंडात बोट घालून टाचण्या काढल्या. त्या बोटाला अजून व्हॅनिलाचा वास येत होता.

लेकीने रिक्षा आणली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली, नखं बघितली, वजन केलं, रक्त काढून घेतलं. अहवाल आला तेव्हा त्यांनी आवाज चढवला.

"अंगात रक्त आहे कुठे? हे असंच चाललं तर हृदयावर येईल. पुढच्या वेळी रस्त्यात पडाल, नाहीतर कात्रीवर. उपास आजपासून बंद."

मास्तर खाटेवर पडल्या पडल्या शांतपणे म्हणाले, "मला बंद करता येणार नाहीत."

"का?"

"ते माझे नाहीतच. हिचे आहेत."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. वरपासून खालपर्यंत बघितलं, मग बाजूनेही बघितलं. मी पोट आत घ्यायचा प्रयत्न केला. अशा प्रसंगी तो कधीच यशस्वी होत नाही.

"मग बाई, तुम्ही तरी बंद करा," त्या म्हणाल्या.

"तिने बंद केले तर नवस मोडेल," मास्तर म्हणाले. "लेकीच्या जिवावरचा नवस आहे तो."

लेक खाटेच्या पायथ्याशी उभी होती. तिला हे काहीच माहीत नव्हतं. बाबा उपास करतात म्हणजे बाबांना आवड आहे, एवढंच तिला ठाऊक. तिचा चेहरा उतरला. "माझ्या जिवावरचा?" ती म्हणाली. "आणि दूध कधीपासून सोडलंत तुम्ही?" ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली आणि तिचे खांदे हलायला लागले.

मला भयंकर भीती वाटली. हा माणूस हट्टाने, माझ्या नावाने, माझ्या डोळ्यांदेखत संपून जाईल आणि मी शेजारी बसून त्याला कस्टर्ड कसं झालं ते सांगत असेन. माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, "माझा उपास मी करीन."

लेकीने वळून बघितलं. मास्तरांच्या चेहऱ्यावर दया होती.

"तुला नाही जमायचं गं," ते म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी तडजोड करून दिली. गुडघ्यांचा उपास रद्द, साखरेचा रद्द. नवसाचा वार तेवढा माझा, तोही माझ्या तब्येतीला झेपेल असा. सकाळ-दुपार फळं, संध्याकाळी नुसतं साधं सूप, ते मी त्यांच्याकडून लिहून घेतल्यासारखं तीनदा वदवून घेतलं. गोड, क्रीम, लोणी बंद. "बोटसुद्धा नाही," त्यांनी बजावलं. मास्तरांनी मात्र एक अट घातली. माझा उपास खरोखर पार पडला तरच ते त्या दिवशी जेवणार. मोडला, तर तो त्यांचा.

तो वार उजाडला. बेकरीत नेमकी लग्नाची मोठी ऑर्डर. सकाळपासून लोणी मऊ होत होतं, व्हॅनिलाचा वास सगळ्या खोलीत भरला होता, आणि मी एका सफरचंदावर. दहा वाजेपर्यंत मी देवावर चिडले होते. बारापर्यंत लेकीच्या त्या जुन्या तापावर. मग भट्टीवाल्यावर विनाकारण खेकसले. तो म्हणाला, "बाई, काहीतरी खाऊन घ्या," आणि मी त्याला मारायचंच बाकी ठेवलं.

मग क्रीम फेटायला घेतलं. हात फिरायला लागला. थोड्या वेळाने हाताला ओढ लागली, आवाज जडावला, भांड्याच्या कडेने क्रीम सुटायला लागलं. वासातला लिंबाचा आंबटपणा खाली बसला. हात आपोआप थांबला. झालं होतं. मी बोट बुडवलंच नव्हतं, तरी झालंय हे मला पक्कं माहीत होतं. मी बोटाकडे बघितलं. ते सवयीने भांड्याच्या दिशेने ताठ झालेलं होतं.

खात्री करायला मी मालकांना चाखायला बोलावलं. त्यांनी चमचा चाटला, मान डोलवली आणि म्हणाले, "नेहमीसारखंच."

मला वाटलं होतं, माझी जीभ नसेल तर दुकान बसेल. आणि हे म्हणतात नेहमीसारखंच. म्हणजे माझ्या हाताला सगळं केव्हापासूनच येत होतं. चाखण्याची गरज नव्हती, मला नुसतं खायचं होतं. आणि त्या एवढ्याशा खाण्यासाठी एक माणूस मशीनपाशी डोळे मिटून आवंढे गिळत राहिला. मी मैद्याच्या पोत्यावर बसले आणि रडले. भट्टीवाल्याला वाटलं भुकेने रडतेय. थोडी भुकेनेही रडत होते, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी घरी गेले. लेकीने टोमॅटो, कांदा घालून घेवड्याच्या दाण्यांचं दाट सूप केलं होतं, शेजारी भाजलेले बटाटे आणि पाव. टेबलावर लोण्याचं पाकीटही होतं. तिनेच आणलं होतं, बाबांसाठी. जी पोर लोण्याच्या बरणीला चमचा लावत नाही, तिने दुकानात जाऊन ते मागितलं होतं. "बाबा, तुम्ही खा," ती म्हणाली. "माझ्याकडे बघू नका."

मास्तरांनी मशीन थांबवलं. पाय पायट्यावर ठेवले, डोळे मिटले आणि नेहमीसारखं विचारलं, "हं, आज काय काय झालं?"

मी तोंड उघडलं. सांगायला काही नव्हतं.

"चाखलं नाही," मी म्हणाले.

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मी खाऊन आले की माझ्या बोलण्याला ऊत येतो, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही. मग ओठांतल्या टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या, उठले, हात धुतले आणि टेबलाशी बसले.

मी त्यांच्यासमोर बसले. माझ्या वाटीत डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं साधं पातळ सूप होतं, त्यात वरून बघितलं तर माझाच चेहरा दिसत होता. त्यांनी पहिला घास घेतला. सावकाश चावला. लोणी त्यांनी बाजूला सारलं. म्हणाले, "हिचं शिजवलेलं असंच चांगलं आहे." लेक खाली मान घालून पाव मोडत राहिली.

मला राहवेना. "सांगा ना, कसं लागतंय?"

ते गोंधळले. एवढ्या वर्षांत त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं. "घेवडा आहे," ते म्हणाले. मग माझं तोंड बघून त्यांनी डोळे मिटले, आणखी एक घास घेतला आणि हळूहळू बोलायला लागले. "मऊ आहे. वरचं साल जरा दातात अडकतं, मग सुटतं. बटाटा बाहेरून खरपूस आहे. गरम आहे गं. पोटात जाताना कळतंय, कुठे कुठे जातंय ते."

मी आवंढा गिळला.

वाडगा रिकामा झाला. त्यांनी तो पुढे केला, जरा संकोचून. "अजून आहे का?"

मी ताडकन उठले. पातेलं तिरकं करून पळीने तळाचं दाट दाट सगळं वाडग्यात ओतलं. पळीला खाली थोडं चिकटून राहिलं होतं, ते मी बोटाने निपटलं, आणि जन्माची सवय, बोट थेट तोंडाकडे निघालं.

"अगं!" दोघं एकदम ओरडली.

बोट हनुवटीपाशी थांबलं. त्याच्यावर घेवड्याचा अख्खा एक दाणा होता, चांगला फुललेला. मी त्याच्याकडे बघितलं. मग ते बोट त्यांच्या वाडग्याच्या कडेला पुसलं, नीट, काही राहणार नाही असं.